एका पेशीपासून ऊतींपर्यंत: भ्रूणातल्या पेशीविभाजनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी प्राणिशास्त्र शिकवते. खाली दिलेले प्रश्न वर्गात विचारले गेले आहेत, प्रयोगशाळेत विचारले गेले आहेत आणि काही तर एसटीत शेजारी बसलेल्या बायांनी विचारले आहेत. लातूरला नीटची तयारी करणारी मुलं सुट्टीत गावी आली की भेटायला येतात. मोरूला, ब्लास्टुला, गॅस्ट्रुला ही भ्रूणाच्या सुरुवातीच्या अवस्थांची नावं त्यांना तोंडपाठ असतात. पण "विभाजनामुळं ऊतीला आकार कसा येतो?" असं विचारलं की ती थांबतात. त्यांना तिथून पुढं जाता यावं, म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवलं आहे.

एका पेशीपासून अख्खं माणूस व्हायला किती वेळा विभाजन व्हावं लागतं?

प्रौढ माणसाच्या शरीरात अंदाजे ३० ते ३७ लाख कोटी पेशी असतात. आकडा अफाट आहे, पण दुपटीचा हिशेब मांडून बघा. एकाच्या दोन, दोनाच्या चार असं दहा वेळा केलं की १,०२४ होतात. वीस वेळा केलं की दहा लाखांच्या वर जातात. ४५ वेळा केलं की सुमारे ३५ लाख कोटी. नुसत्या संख्येसाठी ४५ दुपटी पुरतात. वहीच्या एका पानात मावणारा हा हिशेब मी दरवर्षी मुलांकडून करून घेते, कारण स्वतः मांडल्याशिवाय तो खरा वाटत नाही.

प्रत्यक्षात सगळ्या पेशी सारख्याच वेळा दुप्पट होत नाहीत. हृदयाच्या स्नायूपेशी जन्मानंतर फारच कमी विभागतात. आतड्याच्या अस्तरातल्या आणि रक्त तयार करणाऱ्या पेशी मात्र आयुष्यभर विभागत राहतात.

मग विभाजनाचं काम पेशी पुरवण्याचंच ना? आकार तर नंतर येत असेल.

हा गैरसमज पुस्तकाच्या मांडणीतून येतो. विभाजन एका धड्यात असतं आणि ऊती दुसऱ्या धड्यात. बांधकामावर विटा आणून टाकणारा वेगळा आणि भिंत रचणारा गवंडी वेगळा असतो, तसंच भ्रूणात चालत असेल असं मुलांना वाटतं. भ्रूणात गवंडी नाही. तिथं वीटच स्वतःच्या दोन विटा करते, आणि दुसरी वीट शेजारी बसणार की वर चढणार हेही विभागतानाच बऱ्याच अंशी ठरून जातं.

म्हणून विभाजनाकडं बघताना मी चार गोष्टी विचारायला सांगते: पेशी कधी विभागली, कोणत्या दिशेनं विभागली, दोन्ही भाग सारखे झाले का, आणि विभागणं कधी थांबलं. यातलं एक जरी बदललं तरी त्याच पेशींपासून वेगळी ऊती घडते. पुढचे बहुतेक प्रश्न या चारांतच फिरतात.

पेशी पेशीपासूनच होते, हे कळलं कसं?

कोंबडीच्या अंड्यामुळं. रॉबर्ट रेमाक या जर्मन संशोधकानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कोंबडीच्या भ्रूणातल्या रक्तपेशी दोन भागांत विभागताना पाहिल्या. नवी पेशी जुन्या पेशीच्या विभाजनातूनच येते, हे त्यानं ठामपणे मांडलं. "प्रत्येक पेशी पेशीपासून" हे वाक्य रुडॉल्फ फिरखोच्या नावावर प्रसिद्ध झालं, पण पाहणं रेमाकचं होतं. त्याचं नाव आपल्या मुलांना माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. पुढं १८८२ मध्ये वॉल्टर फ्लेमिंगनं गुणसूत्रांची हालचाल रंगवून दाखवली आणि या विभाजनाला मायटोसिस, म्हणजे सूत्री विभाजन, हे नाव दिलं.

सुरुवातीची विभाजनं इतकी झटपट कशी होतात?

मृगाचा पाऊस पडून डबकी भरली की दुसऱ्या दिवशी पाण्यावर बेडकांची अंडी तरंगताना दिसतात. काळसर ठिपके आणि त्यांच्याभोवती पारदर्शक चिकट आवरण. डबकं आटायच्या आत पिल्लाला पाय फुटले पाहिजेत, म्हणून बेडकाच्या भ्रूणाला घाई असते.

प्रयोगशाळांत सर्वाधिक अभ्यास झाला तो आफ्रिकेतल्या झेनोपस या बेडकाचा. त्याच्या अंड्याचं पहिलं विभाजन सुमारे दीड तासानं होतं. त्यानंतरची विभाजनं साधारण अर्ध्या अर्ध्या तासानं, सगळ्या पेशींत जवळजवळ एकाच वेळी होतात. बारा फेऱ्यांनंतर ४,०९६ पेशी होतात, तरीही भ्रूणाचा आकार मूळ अंड्याएवढाच असतो. वाढ झालेलीच नाही, फक्त वाटण्या झाल्या आहेत. नेहमीच्या पेशीचा बराच वेळ दोन विभाजनांच्या मधे वाढण्यात आणि तयारीत जातो. इथं तयारी आईनं अंड्यात आधीच भरून ठेवलेली असते, म्हणून पेशी फक्त डीएनएची प्रत काढते आणि विभागते.

बाराव्या फेरीनंतर वेग मंदावतो आणि पेशींची लय एकमेकींपासून सुटते. भ्रूणाची स्वतःची जनुकं मोठ्या प्रमाणावर याच सुमारास कामाला लागतात. ऊती घडण्यासाठी हा मंद वेग लागतो, कारण जनुकाची नक्कल काढून प्रथिन बनवायला पेशीला निवांतपणा हवा. घाईघाईत विभागणारी पेशी वेगळी ओळख धारण करू शकत नाही.

ही लय कोण राखतं, याचं उत्तर समुद्री साळिंदरीच्या, म्हणजे सी अर्चिन या काटेरी समुद्री जीवाच्या, अंड्यात सापडलं. टिम हंट यांना १९८२ मध्ये असं एक प्रथिन दिसलं, जे प्रत्येक विभाजनाआधी साठत जातं आणि विभाजनाच्या वेळी एकदम नाहीसं होतं. त्याला सायक्लिन नाव मिळालं. २००१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल हंट, लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स यांना पेशीचक्राच्या अशाच शोधांसाठी मिळालं.

कोंबडीचं अख्खं अंडं विभागतं का? पिवळा बलकही?

बलक विभागत नाही. तो शिदोरी आहे. विभागतो तो बलकावरचा छोटासा पांढरा ठिपका. बेडकाच्या अंड्यात बलक बेताचा असल्यानं पूर्ण अंडं विभागतं, पण कोंबडीच्या अंड्यात बलक एवढा असतो की विभाजनाची फट त्याला भेदून जाऊच शकत नाही. म्हणून भ्रूण आधी गोळ्यासारखा न होता चकतीसारखा पसरतो. बलकाचं प्रमाण बदललं की विभाजनाची तऱ्हा बदलते आणि त्यामुळं भ्रूणाची पहिली ऊतीच वेगळ्या आकाराची होते, याचं इतकं सोपं उदाहरण दुसरं नाही.

अंडं कोंबडीच्या पोटात असतानाच विभाजन सुरू झालेलं असतं. फलित अंडं बाहेर पडतं तेव्हा त्या चकतीत ४० ते ६० हजार पेशी तयार असतात. गावठी कोंबडीचं अंडं बशीत फोडून बघा. फलित अंड्यात ठिपक्याभोवती कडं दिसतं, तर वांझ अंड्यात ठिपका लहान आणि विस्कटलेला असतो. दुकानातल्या अंड्यांत कडं शोधू नका. अंड्यांसाठीच्या पोल्ट्रीत कोंबडे ठेवत नाहीत, त्यामुळं ती अंडी फलित नसतात.

खुडूक कोंबडी बसली की अंड्याला साधारण ३७.५ अंश ऊब मिळते. सोळा-अठरा तासांत चकतीच्या मधोमध एक रेघ उमटते. या रेघेतून पेशी आत उतरतात आणि तीन थर होतात. बाह्यस्तरापासून त्वचा आणि चेतासंस्था, मध्यस्तरापासून स्नायू, हाडं, रक्त आणि हृदय, अंतःस्तरापासून आतड्याचं आणि फुप्फुसाचं अस्तर. दुसऱ्या दिवशी हृदय ठोके देऊ लागतं. पाठीच्या दोन्ही बाजूंना साधारण दर ९० मिनिटांनी मध्यस्तराच्या तुकड्यांची एक नवी जोडी तयार होते, ज्यांपासून मणके आणि पाठीचे स्नायू होतात. एकविसाव्या दिवशी पिल्लू कवच फोडतं.

उन्हाळ्यात बसवलेली अंडी वाया का जातात?

आमच्याकडच्या आयाबाया याचं अचूक निरीक्षण सांगतात. कारण विभाजनाच्या वेगात आहे. सुमारे २० अंशांच्या खाली कोंबडीच्या भ्रूणातलं विभाजन जवळजवळ थांबतं आणि ऊब मिळाली की पुन्हा सुरू होतं. म्हणूनच कोंबडी आठ-दहा दिवस अंडी साठवून एकदम बसते आणि पिल्लं तरीही एकाच दिवशी निघतात. पण एप्रिल-मे महिन्यांत घरातसुद्धा ३५ अंशांच्या वर तापमान जातं. तेव्हा टोपलीत साठवलेल्या अंड्यांतलं विभाजन कोंबडी बसायच्या आधीच अर्धवट सुरू होतं. ऊब कमी-जास्त होत राहते, वेगवेगळ्या भागांची लय जुळत नाही आणि भ्रूण दोन-तीन दिवसांतच मरतो. बाहेरून अंडं चांगलंच दिसतं. उन्हाळ्यात अंडी बसवायचीच असतील तर ती रोजच्या रोज गोळा करून माठाजवळच्या गार जागी ठेवावीत आणि जास्त दिवस साठवू नयेत.

हुरड्याचा या विषयाशी काय संबंध?

संबंध आहे, आणि हा प्रश्न विचारणारी मुलगी वर्गात मागच्या बाकावर बसायची, हे मुद्दाम नोंदवते. ज्वारीच्या फुलात दोन फलनं होतात. एकापासून भ्रूण होतो आणि दुसऱ्यापासून त्याचं अन्न, म्हणजे दाण्याचा पिठूळ भाग. या दुसऱ्या भागात सुरुवातीला फक्त केंद्रकं विभागत जातात. मधे भिंती पडतच नाहीत. एका मोठ्या खोलीत असंख्य केंद्रकं पसरतात, मग त्यांच्यामधे भिंती उभ्या राहतात आणि नंतर पीठ भरतं. आपण हुरडा खातो तोवर भिंती झालेल्या असतात, दाण्यात दूध भरलेलं असतं, पण तो घट्ट व्हायचा असतो. शहाळ्याच्या पाण्यात तर बिनभिंतीच्या अवस्थेचाच अंश आपल्याला प्यायला मिळतो.

आता गंमत बघा. फळांवर घोंघावणारी बारीक माशी, ड्रोसोफिला, हिचा भ्रूणही असंच करतो. तिच्या अंड्यात आधी केंद्रकंच विभागतात, तीही आठ-नऊ मिनिटांना एकदा. तेरा फेऱ्यांनंतर सुमारे ६,००० केंद्रकं अंड्याच्या कडेला रांगेत येऊन बसतात आणि मग सगळ्यांभोवती एकाच वेळी पेशीपटल तयार होतं. ज्वारी आणि माशी यांचं नातं फार लांबचं, पण आधी केंद्रकं वाढवायची आणि भिंती नंतर घालायच्या, ही पद्धत दोघींत स्वतंत्रपणे आली आहे.

पेशीला कोणत्या दिशेनं विभागायचं हे कळतं कसं?

माझ्या मते या विषयाचा गाभा इथं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

विभाजनाच्या वेळी पेशीत दोन ध्रुव तयार होतात आणि त्यांच्यामधे तंतू ताणले जातात. या रचनेला तर्कू म्हणतात. सूत कातायची चाती जशी मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती असते, तसाच तिचा आकार असतो. पेशी तर्कूच्या मधोमध, त्याला काटकोनात कापली जाते. म्हणजे तर्कू आडवा असेल तर दोन लेकी शेजारी शेजारी बसतात. तो उभा असेल तर एक खाली राहते आणि दुसरी वर जाते.

ऑस्कर हर्टविगनं १८८४ मध्ये एक नियम सांगितला, जो अजूनही बऱ्याच ठिकाणी लागू पडतो. तर्कू सहसा पेशीच्या लांब बाजूनं लागतो. पेशी ओढली गेली असेल तर ती ओढीच्या दिशेनं विभागते, आणि त्यामुळं तिथला ताण हलका होतो. म्हणजे वाढणारी ऊती पेशींना ताण देते, ताण विभाजनाची दिशा ठरवतो आणि विभाजन पुन्हा ऊतीचा आकार ठरवतं. शिवाय शेजारच्या पेशींशी असलेले सांधे आणि आजूबाजूच्या रसायनांचे संकेतही दिशा सांगतात.

त्वचेचं उदाहरण घ्या. सुरुवातीला भ्रूणाची त्वचा एकाच थराची असते. भ्रूण मोठा होत असतो, त्याला पांघरूण पुरलं पाहिजे, म्हणून तळातल्या पेशी बहुतेक वेळा आडव्या विभागतात आणि त्वचा पसरते. नंतर जाडी हवी असते. तेव्हा त्याच पेशींचे तर्कू मोठ्या संख्येनं उभे होऊ लागतात आणि वर गेलेल्या लेकींचे थर साचतात. उंदराच्या भ्रूणात हा बदल सूक्ष्मदर्शकाखाली थेट पाहिलेला आहे. नव्या प्रकारची पेशी बाहेरून आली नाही, फक्त तर्कू फिरला, आणि पातळ चादरीची गोधडी झाली.

मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांतही हेच दिसतं. नळी लांब व्हायची असेल तर पेशींनी नळीच्या लांबीनं विभागलं पाहिजे. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा जो आनुवंशिक आजार आहे, त्याच्या उंदरांवरच्या अभ्यासात विभाजनाची ही दिशा बिघडलेली आढळली आहे.

पेशी विभागत असताना ऊतीला भोक पडत नाही का?

पडत नाही. विभागणारी पेशी आधी फुगून गोल होते, पण शेजारणींशी असलेले सांधे ती सोडत नाही. विभाजन संपलं की दोन्ही लेकी पुन्हा रांगेत बसतात.

मात्र गोल झालेल्या पेशीला त्या वेळी दुसरं काम करता येत नाही. माशीच्या भ्रूणात पोटाकडच्या पेशींना आत वळून घडी घालायची असते. तेवढा वेळ त्या पेशींतलं विभाजन एक जनुक रोखून धरतं. ते जनुक बिघडलं तर पेशी अवेळी विभागायला लागतात आणि घडी नीट पडत नाही. थांबणं हाही आकार घडवण्याचाच भाग आहे.

दोन लेकी पेशी नेहमी सारख्याच असतात का?

गुणसूत्रं सारखीच मिळतात, बाकीचं सारखं मिळेलच असं नाही. सी. एलेगन्स हा सुमारे एक मिलिमीटर लांबीचा गोलकृमी आहे. त्याच्या अंड्याचं पहिलंच विभाजन असमान असतं. पुढची लेक मोठी, मागची लहान, आणि काही प्रथिनं व कण फक्त मागच्या लेकीकडं जातात. तिथूनच दोघींच्या वाटा वेगळ्या होतात. त्याचं शरीर पारदर्शक असल्यानं जॉन सुल्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक पेशीची वंशावळ नजरेनं टिपली. उभयलिंगी कृमीत १,०९० शरीरपेशी तयार होतात, त्यांतल्या १३१ ठरलेल्या वेळी मरतात आणि ९५९ उरतात. दर वेळी याच. सिडनी ब्रेनर, रॉबर्ट हॉर्विट्झ आणि सुल्स्टन यांना या कामासाठी २००२ चं नोबेल मिळालं.

आपल्या मेंदूतही असमान विभाजन फार मोलाचं आहे. आधी मूळ पेशी समान विभागून आपली फळी वाढवतात. मग असमान विभागू लागतात: एक लेक मूळ पेशी म्हणून राहते, दुसरी पुढं चेतापेशी होते. ही पाळी लवकर आली तर फळी अपुरी पडते आणि मेंदू लहान राहतो. जन्मजात लहान डोक्याच्या आनुवंशिक आजारात सर्वाधिक आढळणारा बिघाड एएसपीएम नावाच्या जनुकात असतो, आणि त्याचं प्रथिन तर्कूच्या टोकांशी काम करतं. हा आजार आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच होतो. आपल्याकडं मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे. नात्यात अशी दोन्हीकडून एकच प्रत येण्याची शक्यता वाढते, एवढं मोकळेपणानं सांगणं मला माझं काम वाटतं.

पेशीचं भवितव्य ती कुणापासून झाली यावर ठरतं, की ती कुठं आहे यावर?

दोन्हींवर. कुणात एकाचा जोर जास्त, कुणात दुसऱ्याचा. हान्स ड्रीश यांनी १८९१ मध्ये समुद्री साळिंदरीचा दोन पेशींचा भ्रूण हलवून वेगळा केला. प्रत्येक पेशीपासून अर्धं नव्हे, तर लहानसं पण पूर्ण पिल्लू झालं. हान्स स्पेमान यांनी तर तान्ह्या बाळाच्या केसाचा फास करून सॅलॅमँडरसारख्या प्राण्याचं अंडं मधोमध आवळलं. आपण जावळाचे केस नदीला सोडतो, त्यांनी ते प्रयोगाला वापरले. फास एका विशिष्ट पट्ट्यावरून गेला तर दोन्ही भागांपासून पूर्ण भ्रूण झाले. पट्टा एकाच बाजूला राहिला तर दुसऱ्या बाजूला नुसता पोटाच्या पेशींचा गोळा तयार झाला. तो पट्टा ज्या भागाकडं बोट दाखवत होता, त्या भागाचं संघटकाचं, म्हणजे आजूबाजूच्या पेशींना भ्रूण घडवायला लावण्याचं, काम १९२४ मध्ये स्पेमान आणि हिल्डे मँगोल्ड यांनी दाखवून दिलं.

माणसात आठ पेशींच्या सुमारास पेशी एकमेकींना घट्ट बिलगतात. त्यापुढच्या विभाजनांत काही लेकी बाहेर राहतात, काही आत अडकतात. बाहेरच्या वारेच्या कामी लागतात, आतल्यांपासून बाळ होतं. आत की बाहेर, एवढ्याच गोष्टीवर पहिली मोठी वाटणी झाली.

उस्मानाबादी शेळीला जुळी होतात, ती अशा भ्रूणाच्या दोन भागांमुळं का?

नाही. शेळीच्या जुळ्यांत सहसा दोन वेगळी अंडी फलित झालेली असतात. ती सख्ख्या भावंडांइतकीच सारखी. एकाच भ्रूणाचे दोन भाग होऊन झालेली जुळी हुबेहूब असतात, आणि भाग किती दिवसांनी झाले यावर त्यांची वार एक की दोन हे अवलंबून असतं.

गरोदरपणात फॉलिक ॲसिडची गोळी का देतात?

कारण ती थेट विभाजनाला लागते. डीएनएची प्रत काढायला जो माल हवा, त्यातला एक भाग फोलेटशिवाय तयार होत नाही. भ्रूणाच्या पाठीवरचा पेशींचा थर दोन्ही कडांनी उचलला जातो आणि मिटून नळी होते. हीच पुढं मेंदू आणि मज्जारज्जू. कडा एकमेकींना भेटायला त्या वेळी भरभर पेशी लागतात. माणसात ही नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आत मिटते. मिटली नाही तर पाठीचा कणा उघडा राहतो किंवा मेंदू तयार होत नाही.

२८ दिवस म्हणजे पाळी चुकून दोनच आठवडे झालेले असतात. अनेक बायकांना तोवर दिवस राहिल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून मूल हवं असेल तर आधीपासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्यांना आधी असं बाळ झालं आहे, त्यांना डॉक्टर याहून मोठी मात्रा देतात. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत अशा मातांमध्ये हा दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं होतं. बीड, धाराशिव, परभणीकडच्या कितीतरी बाया दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि थेट उन्हाळ्यात परततात. नेमके हे पहिले आठवडे फडात जातात. जाण्याआधी आशाताईंकडं गोळ्यांची चौकशी करा. लेकीसुनेला हे सांगायला लाजू नका.

ग्रहणात बाईनं काही चिरलं तर बाळाचा ओठ फाटतो, हे खरं का?

खरं नाही. हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि बहुतेकदा अशा आईकडून, जिला घरातून दोष दिला जातोय.

बाळाचा चेहरा एकसंध तयार होत नाही. कपाळाकडून एक आणि दोन्ही गालांकडून पेशींचे उंचवटे वाढत येतात, नाकाखाली भेटतात आणि जोडले जातात. वरचा ओठ साधारण सातव्या आठवड्यापर्यंत पूर्ण होतो, टाळू त्यानंतर. या उंचवट्यांत विभाजन थोडं कमी पडलं, किंवा भेटल्यावर मधला थर विरला नाही, तर फट राहते. आपल्या नाकाखालची पन्हळ दोन्ही बाजूंच्या त्या जोडणीमधलाच भाग आहे, आरशात बघा. जगात साधारण ७०० बाळांमागं एकाला ओठाची किंवा टाळूची फट असते, ग्रहण असो वा नसो. यामागं आनुवंशिक कारणं असतात, तसंच धूम्रपान, आईचा मधुमेह, अपस्माराची काही औषधं यांचाही वाटा असू शकतो. पुष्कळदा एक असं कारण सापडतच नाही. अपस्माराची गोळी मात्र मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

ग्रहणाच्या दिवशी अंधाऱ्या खोलीत उपाशी बसवलेल्या गरोदर बाईचं त्यातून काहीच राखलं जात नाही. तिला जेवू द्या. आणि फाटलेला ओठ शिवता येतो, शस्त्रक्रिया बाळ काही महिन्यांचं असतानाच करतात.

भ्रूणात पेशी मरतात हे ऐकून वाईट वाटतं. त्या का मरतात?

बोटं सुटी होण्यासाठी. हात सुरुवातीला वल्ह्यासारखा असतो. त्याच्या टोकाच्या कडेखाली पेशी विभागत राहतात म्हणून तो लांब होतो. जॉन सॉन्डर्स यांनी १९४८ मध्ये कोंबडीच्या पंखाची ही कड काढली, तर पंख तिथंच तुटक राहिला. पुढं बोटांच्या मधल्या पेशी ठरवून मरतात आणि बोटं वेगळी होतात. कोंबडीच्या पायात हे होतं. बदकाच्या पायात मरण्याचा संकेत अडवला जातो, म्हणून पडदा राहतो.

कर्करोगात पण विभाजनच होतं. मग फरक काय?

यंत्रणा तीच. भ्रूणात पेशी शेजारणींचं ऐकते: जागा भरली की थांबते, सांगितलं की मरते. कर्करोगाच्या पेशीनं हे ऐकणं सोडलेलं असतं.

वनस्पतींत पेशी हलत नाहीत, मग ऊती कशा घडतात?

प्राण्यांत चुकीच्या जागी जन्मलेली पेशी सरकू शकते. ज्वारीच्या पेशीभोवती भित्तिका असते, ती शेजारणीला कायमची चिकटलेली. त्यामुळं नवी भिंत कुठं घालायची हा निर्णय इथं आणखी महत्त्वाचा. बहुतेक वनस्पतिपेशी विभाजनाच्या आधीच पटलालगत तंतूंचा एक पट्टा आखून ठेवतात आणि नवी भिंत त्याच खुणेवर येऊन मिळते. गवंडी दोरी लावतो तसं.

कळलावीचा आणि विभाजनाचा काय संबंध?

पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या, ज्वाळेसारख्या फुलांची वेल दिसते ती कळलावी. तिच्यात कोल्चिसिन असतं. ते तर्कूचे तंतू जुळूच देत नाही, त्यामुळं गुणसूत्रं दुप्पट होतात पण वेगळी होत नाहीत. वनस्पतींत याचा उपयोग करून गुणसूत्रांची संख्या दुप्पट करतात. बिनबियांच्या कलिंगडामागं ही पायरी आहे. माणसासाठी मात्र ही वेल जहरी आहे. कळा आणण्यासाठी किंवा आणखी कशासाठीही तिचा कंद पोटात घेऊ नका, जीव जातो.

साध्या कॉलेजात हे प्रत्यक्ष बघता येईल का?

येईल, आणि बेडूक न मारता. पेल्याच्या तोंडावर कांदा असा ठेवा की बूड पाण्याला टेकेल. तीन-चार दिवसांत पांढरी मुळं सुटतात. सकाळी टोकाकडचे काही मिलिमीटर कापा, ॲसिटिक ॲसिड आणि अल्कोहोलच्या मिश्रणात ठेवा, मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात किंचित गरम करून ॲसिटोकार्मिननं रंगवा. आम्लाचं काम शिक्षकांसमोरच करायचं. काचपट्टीवर झाकणकाच ठेवून अंगठ्यानं हळू दाबा. जोरात दाबलं तर पेशी नीट पसरतात आणि गुणसूत्रं मोजता येतात, पण रांगा मोडतात.

मी मुलांना आधी रांगा न मोडता बघायला लावते. विभाजनाच्या पूर्वावस्था, मध्यावस्था शोधून वहीत काढण्याची घाई नको. आधी एवढंच बघा, की ज्या पेशी विभागत आहेत त्यांचे तर्कू कोणत्या दिशेला आहेत. बहुतेक सगळे मुळाच्या लांबीला समांतर दिसतील, नव्या भिंती आडव्या पडताना दिसतील. मग काचपट्टीवरून नजर काढून पेल्यातल्या मुळांकडं बघा. तीन दिवसांपूर्वी ती नव्हती, आणि आता बोटाएवढी लांब, सुतासारखी सरळ झाली आहेत.